गुणलेखकाची वही

बोनसला त्रिकोण, लोणला चौकोन,
एवढं शिकवून आव्हाड सरांनी वही माझ्याकडे दिली,
कारण माझा दम आठव्या सेकंदाला सुटायचा.
तीन वर्षं फक्कीच्या रेषेबाहेर
एका मोडक्या बाकावर बसून
मी धवळू भोयेला आकड्यांत उतरवत होतो.

पेठच्या पलीकडचा पाडा. आश्रमशाळेचा दाखला.
पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, वजन किती?
म्हणाला, भाताचं पोतं उचलतो सर,
स्वतःला कधी उचललं नाही.
आम्ही हसलो. तो हसला नाही.
सात नंबरची बनियन मिळाली, जुन्या कुणाची,
पाठीवरचं नाव उसवलेलं,
उन्हात अजून वाचता यायचं.

बाकीचे मातीला हात लावून कपाळाला लावायचे.
तो नुसता मध्यरेषेवरून पाय उचलायचा,
ओढ्यातल्या दगडावर ठेवावा तसा,
दगड हलतो का बघत.
मग कबड्डी कबड्डी कबड्डी,
इतकं हळू की पंचांना कान पुढे करावा लागायचा.
डावा कोपरा घोट्यावर झेपावला
की घोटा तिथे नसायचा.
कुठे असायचा, मला विचारू नका.
त्याच्या सगळ्यात चांगल्या चढायांच्या वेळी
मी मान खाली घालून
आधीची चढाई लिहीत होतो.

दुसऱ्या वर्षी नगरवाल्यांशी, डिसेंबरात.
निफाडकडे बागांत शेकोट्या पेटवलेल्या, म्हणजे थंडी तशी.
पाच गुणांनी मागे. आमच्यात तो एकटा,
समोर सातच्या सात.
परत आला तेव्हा अंगावर चार जण होते
आणि मधल्या बोटाचं नख रेषेच्या अलीकडे.
मी चार लिहिले. मग आठवलं, त्रिकोण.
पेन्सिल मोडली.
पुढे एका गुणाने हरलो,
ते कुणी विचारत नाही.

तिसऱ्या वर्षी एका मंगळवारी, सरावात,
टँकरवाल्याने पाणी जरा जास्तच मारलेलं,
एफवायच्या नव्या पोराने घोटा धरला.
पाय मातीत राहिला, अंग वळलं.
आवाज वगैरे काही झाला नाही.
पडल्या पडल्या तो कबड्डी कबड्डी म्हणतच राहिला,
शिट्टी वाजली नव्हती ना.
सर धावत आले, म्हणाले, थांब रे आता.

सरावाचे गुण लिहीत नाहीत.
शेवटची चढाई वहीत नाही.

सिव्हिलमध्ये लिगामेंट हा शब्द शिकलो सगळे.
ऑपरेशनचा आकडा सरांनी चिठ्ठीवर लिहिला,
घडी केली, खिशात ठेवली,
परत काढली नाही.

परवा सीबीएसवरून पेठची एसटी.
बाजाराचा दिवस, कोंबड्यासुद्धा उभ्या.
पुढून कंडक्टर आला, आडवा,
डावा खांदा आधी,
कुणाचा दंड, कुणाची पिशवी, कुणाची पाठ, सगळ्यांना हात लावत,
तिकीट तिकीट तिकीट, एका दमात, हळू.
सावळघाटाच्या वळणावर
सगळी गाडी कलली
आणि त्याचा गुडघा जरा उशिरा कलला.

करंजाळी, मी म्हणालो.
सुट्टे नाहीत, तो म्हणाला,
तिकिटाच्या मागे पाच लिहून दिलं.
मग न बघताच, वही आहे का अजून?
आहे, सिडकोत, कपाटावर.
किती झाले?
दोनशे शहाऐंशी.
त्याने पंच खिशावर दोनदा वाजवला.
दोन कमी लिहिलेस. सटाण्याची मॅच.
आणि गेला मागे,
गर्दी त्याला वाट देत नव्हती
तरी गेला.

करंजाळीला उतरलो.
पाच रुपये घ्यायचे राहिले.
मुद्दाम नाही, खरंच विसरलो.
सटाण्याचं पान काढून बघितलं रात्री.
वाळवीने खाल्लंय कोपऱ्यात,
काहीच सांगता येत नाही.